इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग तारा जवळ का येतात?

बारावीत मी एका गोष्टीवर पार अडकलो होतो. एका धड्यात होतं, दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, कारण दोघांचाही प्रभार ऋण. दोन-तीन धडे पुढे गेलो तर, दोन समांतर तारांमधून एकाच दिशेने विद्युतधारा सोडली की तारा एकमेकींकडे ओढल्या जातात. अरे, पण तारेतही इलेक्ट्रॉनच धावतात ना?

तारा जरा बाजूला ठेवू. व्हॅक्युममध्ये फक्त दोन इलेक्ट्रॉन घ्या आणि त्यांना शेजारी-शेजारी, एकाच वेगाने पळवा. विद्युत बल त्यांना ढकलतंच. पण धावणारा प्रभार म्हणजे विद्युतधारा, म्हणून चुंबकीय बलही तयार होतं आणि ते त्यांना जवळ ओढतं. ही ओढ किती? इलेक्ट्रॉनच्या वेगाला प्रकाशाच्या वेगाने भागा, आलेल्या उत्तराचा वर्ग करा. विद्युत बलाच्या तेवढ्या पट. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने पळाले तरी ओढ ढकलण्याच्या पावपटच! आणि इलेक्ट्रॉन प्रकाशाचा वेग कधीच गाठू शकत नाही, त्यामुळे इथे ढकलणंच जिंकतं.

मला पटलं ते मात्र वेगळ्या विचाराने. समजा, तुम्ही त्या इलेक्ट्रॉनच्या सोबतच धावताय. तुमच्या दृष्टीने ते जागेवर उभे आहेत, म्हणजे चुंबकीय बल नाहीच, फक्त ढकलणं आहे. मग तुम्हाला लांब जाताना दिसणारे इलेक्ट्रॉन बाहेर उभ्या असलेल्या माणसाला जवळ येताना कसे दिसतील?

आता तारेकडे येऊ. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ ॲम्पिअर धारा असेल, तर इलेक्ट्रॉन सेकंदाला जेमतेम ०.०७ मिलिमीटर सरकतात. गोगलगायही पुढे निघून जाईल. वरचा हिशेब लावला तर चुंबकीय बल विद्युत बलाच्या तुलनेत इतकं छोटं येतं, की दशांश चिन्हानंतर २५ शून्यं लिहावी लागतात.

तरीही ते दिसतं, कारण तारेत इलेक्ट्रॉन एकटे नसतात. प्रत्येक मोकळ्या इलेक्ट्रॉनमागे तांब्याचा एक धन आयन जागेवर बसलेला असतो. धन-ऋण मिळून विद्युत बलाची जवळजवळ पूर्ण वजाबाकी होते. आयन मात्र धावत नाहीत, त्यामुळे चुंबकीय बल रद्द करायला कुणीच नसतं. उरतं ते एवढंसंच, पण १ घन मिलिमीटर तांब्यात असे इलेक्ट्रॉन साधारण ८५ अब्ज अब्ज असतात! म्हणून तर १८२० साली आंद्रे-मारी ॲम्पिअर यांना तारांमधलं हे बल प्रयोगात दाखवता आलं.

तुमच्या चार्जिंग केबलमध्येही हे चालू असतं, फक्त उलटं. तिथे एका तारेतून धारा जाते आणि दुसरीतून परत येते, म्हणून तारा एकमेकींना ढकलतात. ३ ॲम्पिअर धारा आणि १ मिलिमीटर अंतर धरलं, तर मीटरभर केबलवर हे बल पाव ग्रॅम वजनापेक्षाही कमी भरतं. केबल उडी मारत नाही ती यामुळे.

फोनच्या स्पीकरमध्ये मात्र हेच बल कामाला लावलंय. तिथे बारीक तारेचे अनेक वेढे एका शक्तिशाली चुंबकाजवळ असतात. धारा उलटसुलट झाली की वेढे पुढे-मागे हलतात, त्यांना चिकटलेला पातळ पडदा हलतो आणि गाणं ऐकू येतं. आणि त्या चुंबकाचं चुंबकत्व? तेही मुख्यतः त्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचंच.