थकलेला सेनापती

शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पाहण्यात वेळ का दवडावा, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी मुलांना विचारतात आणि मुलांना त्याचे उत्तर सहसा देता येत नाही. उत्तर नसते असे मात्र नाही. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकन अद्भुतमालिकेचा इतिहास पाहिला, तर ते बऱ्याच अंशी सापडते, असे आम्हांस वाटते. लहान मुलांची चित्रमालिका म्हणून पुष्कळ प्रौढ वाचक तिच्याकडे वळले नसतील. त्यांच्याकरिता थोडी पार्श्वभूमी सांगणे अगत्याचे आहे.

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या दशकांत एखादा भाग प्रक्षेपित झाला की तो प्रेक्षकाच्या हातून गेला. पुनःप्रक्षेपण होई, पण कोणता भाग केव्हा लागेल याचा नेम नसे. साहजिकच लेखक प्रत्येक भाग स्वयंपूर्ण ठेवीत. व्हिडिओ कॅसेट आणि पुढे डी.व्ही.डी. घरात आल्यावर परिस्थिती पालटली. प्रेक्षक थांबू लागला, मागे जाऊ लागला. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांनी ‘बॅबिलॉन ५’ (१९९३ ते १९९८) ही अंतराळकथा पाच वर्षांच्या आराखड्यावर रचली. ‘बफी द व्हँपायर स्लेअर’ या मालिकेत १९९९ साली नायिकेच्या स्वप्नात ७३० या आकड्यापासून उलट मोजणीचा एक निरर्थक वाटणारा उल्लेख येतो. दोन वर्षांनी, २००१ साली, ती नायिका इतरांसाठी प्राण देते. दोन वर्षांचे दिवस किती, हा हिशेब पुन्हा पाहणाऱ्यालाच लागतो. क्लृप्ती चतुर आहे खरी. परंतु तिने त्या मुलीच्या स्वभावाविषयी आपल्याला फारसे काही सांगितलेले नसते.

‘अवतार’ची गोष्ट निराळी. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको यांनी ती निकलोडियन वाहिनीसाठी निर्मिली. कोनिएट्झको यांनी स्वतःच्याच एका जुन्या रेखाचित्रातील टक्कल पडलेल्या पुरुषाला लहान मुलगा करून पाहिले. त्याच सुमारास डिमार्टिनो दक्षिण ध्रुवाकडे अडकलेल्या प्रवाशांवरील माहितीपट पाहत होते. या दोहोंतून कथा जन्मली. २१ फेब्रुवारी २००५ ते १९ जुलै २००८ या काळात तिचे ६१ भाग जल, पृथ्वी आणि अग्नी अशा तीन ‘पुस्तकां’त प्रसारित झाले. मालिकेचे नाव आपल्या परिचयाचे आहेच. तिच्यातील द्वंद्वयुद्धाला ‘अग्नी काई’ म्हणतात आणि चक्रांचे ज्ञान देणाऱ्या गुरूचे नाव पथिक आहे.

अग्निराष्ट्राने जगावर शंभर वर्षे युद्ध लादले आहे. तेथील राजपुत्र झुको याचा चेहरा प्रत्यक्ष बापाने, राजा ओझायने, भाजला आणि त्याला देशोधडीला लावले. अवताराला, म्हणजे आंग नावाच्या मुलाला, पकडून आणले तरच त्याला परतता येईल. त्याच्या जहाजावर त्याचा थोरला काका आयरो आहे. हा आयरो चहा पितो, डुलक्या काढतो आणि पुतण्याच्या रागावर सुभाषिते सांगतो. पहिल्या पाहण्यात आपण त्याला विदूषकच समजतो.

सातव्या भागात शत्रूचे सैनिक त्याला उष्ण पाण्याच्या झऱ्यात डुंबत असताना पकडतात. बा सिंग से या तटबंदीच्या नगरीला ६०० दिवस वेढा घालून अपेशी ठरलेला सेनापती तो हाच, असे त्यांचा नायक त्याला हिणवतो. आयरो शांतपणे पराभव कबूल करतो: इतके दिवस घराबाहेर राहून माणसे थकली होती, आपणही थकलो होतो, आणि अजून थकलेलेच आहोत. जांभई देऊन तो घोड्यासारख्या त्या जनावरावरून खाली कोसळतो. सारे हसतात, आपणही हसतो. लगेच कळते की पडण्याचे नुसते निमित्त होते. पुतण्याला माग लागावा म्हणून त्याने आपले एक पायताण तेथे टाकले आहे. लबाड म्हातारा, असे म्हणून आपण पुढे जातो.

मालिका संपवून पुन्हा या प्रसंगाशी आलो की हसू येत नाही. कारण त्याने काय सांगितले नाही, ते आता आपल्याला ठाऊक असते. वेढा उठला तो थकव्यामुळे नव्हे. त्याचा एकुलता मुलगा लू टेन त्या तटापाशी मारला गेला होता. पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस, मुलगा गमावल्यापासून झुकोलाच आपण पुत्र मानतो, हे तो चाचरत सांगू लागतो. झुको त्याला मध्येच थांबवतो, कारण त्याला ते ठाऊक असते. बारावा भागही असाच आहे. झुकोचा चेहरा जळत होता तेव्हा आपण दृष्टी वळवली, असे आयरो तेथे सहज सांगून जातो. बापाने मुलाला जाळताना ज्या काकाने पाहवेना म्हणून तोंड फिरवले, तो पुढची वर्षे त्या मुलाच्या जहाजावरून हलत नाही. विदूषक तेथेच राहतो का?

२००६ सालच्या ‘झुको अलोन’ या भागात लेखकांनी याहून कठोर गोष्ट दाखवली. वेढ्याच्या काळात आयरोने घरी पाठवलेले पत्र झुकोची आई वाचून दाखवते. पुतण्याला खंजीर, पुतणीला बाहुली अशा भेटी आहेत. आणि आम्ही जाळून टाकली नाही तर ही सुंदर नगरी तुम्हांलाही एकदा पाहता येईल, असा विनोद आहे. कुटुंब खदखदून हसते. हा तोच चहा पिणारा काका! दुसऱ्यांच्या मुलांवर घर कोसळवणे त्याला तेव्हा थट्टेचा विषय वाटत होते. स्वतःचा मुलगा गेल्यावर ती थट्टा थांबली. हा मनुष्य जन्मतः सज्जन नव्हता, हे लपवावेसे लेखकांना वाटले नाही, ही त्यांची मोठी प्रामाणिकता होय.

त्याच वर्षीच्या ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ मध्ये तो निर्वासित होऊन त्याच नगरीत राहत असतो. दिवसभर तो वाटेत भेटेल त्याला मदत करतो. रडणाऱ्या एका बालकाला एक गाणे म्हणून हसवतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली मुलाची तसबीर मांडतो. त्या दिवशी लू टेनचा वाढदिवस असतो. तेच गाणे तो पुन्हा म्हणू लागतो आणि त्याचा आवाज फुटतो. हा प्रसंग आयरोला आवाज देणारे नट माको यांच्या स्मरणार्थ अर्पण केलेला आहे. जपानमधील कोबे येथे जन्मलेले, १९६५ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था उभारणाऱ्यांपैकी असलेले माको २१ जुलै २००६ रोजी निवर्तले होते.

सारेच पूर्वसूचन या तोलाचे नाही, हेही सांगितले पाहिजे. शेवटी आंगला एका महाकाय सिंहकूर्माकडून शक्ती मिळते. त्या प्राण्याचे चित्र दुसऱ्या पुस्तकातील ग्रंथालयात क्षणभर दिसलेले असते, पण चित्र दिसणे म्हणजे कथेतून उगवणे नव्हे. त्यामानाने पाय शो या खेळातील कमळाची सोंगटी कितीतरी सरस आहे. नवव्या भागात ती हरवली म्हणून आयरो जहाज वळवायला लावतो आणि शेवटी ती त्याच्याच बाहीत सापडते. तो निव्वळ पोरकटपणा वाटतो. पुढे कळते की ती सोंगटी राष्ट्राराष्ट्रांत विखुरलेल्या एका गुप्त वृद्धमंडळाची खूण आहे आणि शत्रुराष्ट्रांतही आयरोचे मित्र आहेत.

२०१० साली एम. नाइट श्यामलन यांनी, ज्यांचा जन्म आपल्याकडील माहे येथला, पहिल्या पुस्तकावर चित्रपट काढला आणि समीक्षकांनी तो झोडपला. वीस भागांची कथा पावणेदोन तासांत कोंबल्यावर जांभईला वेळ कोठून राहणार? उलट मे २०२० मध्ये, महासाथीच्या दिवसांत, मूळ मालिका अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आली तेव्हा तिला पुन्हा मोठा प्रेक्षकवर्ग लाभला; त्यांतील कित्येकांनी ती बालपणी पाहिली होती. त्याच वसंतात आपल्याकडे दूरदर्शन १९८७ सालचे ‘रामायण’ पुन्हा दाखवीत होते. त्याचा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक शोधूनही सापडला नसता.

शेवटच्या भागांत झुको, ज्याने काकाशी दगा केलेला असतो, रात्री त्याच्या तंबूत येऊन तो जागा होण्याची वाट पाहत बसतो. क्षमा मागण्यासाठी जुळवलेले शब्द पुरे होण्याआधीच आयरो त्याला जवळ ओढतो. मग तो आपल्या वृद्ध साथीदारांसह बा सिंग सेकडे निघतो. ही नगरी आपण घेणार, असे त्याला पूर्वीपासून वाटत आलेले असते. ती घ्यायची ते मुक्त करण्यासाठी, हे त्याला आता कळलेले असते. युद्ध संपल्यावर सारे त्याच नगरीतील त्याच्या चहाच्या दुकानात जमतात. नवा राजा झुको पाहुण्यांना चहा देतो आणि आयरो शिंगासारखे एक वाद्य वाजवीत बसतो. नवव्या भागात, सोंगटी शोधता शोधता, स्वस्तात मिळाले म्हणून त्याने बाजारातून विकत घेतले होते, ते वाद्यही याच जातीचे होते.