ले मान्स, ११ जून १९५५ : पाण्याने भडकलेली आग

दुपारी ४
फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीला सुरुवात होते. अपघाताला अडीच तासही उरलेले नाहीत. मुख्य सरळ रस्त्याच्या एका कडेला पिट आहेत, समोर मातीचा बांध आणि त्यामागे खच्चून भरलेली गर्दी. पिट आणि धावपट्टी यांच्यामध्ये साधा कठडाही नाही.

मर्सिडीझच्या ३०० एसएलआर गाड्यांची बॉडी मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूची आहे. मॅग्नेशिअम अ‍ॅल्युमिनिअमपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने हलकं असतं. शर्यतीत किलोकिलोचा हिशेब होतो, त्यामुळे ही निवड समजण्यासारखी आहे.

संध्याकाळी ५
जग्वारमधला माइक हॉथॉर्न आणि मर्सिडीझमधला हुआन फँजिओ एकमेकांना मागे टाकत सुटले आहेत. दुसऱ्या एका मर्सिडीझमध्ये ४९ वर्षांचा पिएर लेवेग आहे.

बॉडीभोवती हवा आहे, हवेत ऑक्सिजन आहे, तरी पत्रा शांत आहे. मॅग्नेशिअमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात आणि ऑक्सिजनला दोन कमी असतात. एकाने दिले, दुसऱ्याने घेतले, दोघांचं अष्टक पूर्ण झालं, असं शाळेत शिकवतात. मला ही मांडणी अपुरी वाटते, कारण तीत खर्चाचा उल्लेखच नसतो. एक मोल, म्हणजे २४ ग्रॅम मॅग्नेशिअमच्या अणूंपासून दोन-दोन इलेक्ट्रॉन तोडायला जवळपास २,१९० किलोज्यूल लागतात. ऑक्सिजन पहिला इलेक्ट्रॉन सहज घेतो, पण दुसरा त्याच्यावर लादावा लागतो. इथवर सगळा तोटाच आहे. फायदा होतो तो पुढे. धन आणि ऋण आयन एकमेकांना खेचून घेतात, प्रत्येकाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा शेजारी बसतात आणि स्फटिक रचला जातो. त्या रचनेतून सुमारे ३,८०० किलोज्यूल सुटतात. सगळी वजाबाकी करूनही मोलमागे ६०० किलोज्यूल हाती राहतात. मात्र ही साखळी सुरू व्हायला आधी धातू पुरेसा तापावा लागतो.

६ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास
हॉथॉर्न लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकतो आणि पिटकडे वळण्यासाठी जोरात ब्रेक दाबतो. जग्वारला डिस्क ब्रेक आहेत, ती झटकन मंदावते. मॅकलिन डावीकडे घेतो. मागून ताशी २४० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने आलेला लेवेग त्याच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर चढून हवेत उडतो. गाडी बांधावर आदळते. इंजिन, पुढचा अ‍ॅक्सल आणि बॉनेट सुटून गर्दीत घुसतात. लेवेग आणि ८०हून अधिक प्रेक्षक मरण पावतात. बहुतेकांचा जीव आगीने नव्हे, या उडत्या लोखंडाने घेतला.

त्यानंतरची काही मिनिटं
टाकी फुटून पेट्रोल पेटतं. त्या उष्णतेने मॅग्नेशिअम पेट घेतं आणि डोळे दिपवणारी पांढरी ज्वाळा उठते. शाळेच्या प्रयोगशाळेत चिमट्यात धरून फीत जाळतात तेव्हा दिसतो तोच हा प्रकाश. आग विझवणारे पाणी मारतात आणि ती आणखी भडकते.

पाण्यातही ऑक्सिजनच आहे. तापलेलं मॅग्नेशिअम तो हायड्रोजनकडून हिसकावतं, तोच स्फटिक रचतं आणि पुन्हा उष्णता मोकळी करतं. सुटलेला हायड्रोजन स्वतः पेटतो. म्हणजे पाण्याचा प्रत्येक फवारा आगीला इंधन पुरवत होता. अशा आगीवर कोरडी वाळू टाकायची, किंवा मिठाची कोरडी भुकटी. मिठात सोडिअम आणि क्लोरिन यांची देवघेव कधीच उरकलेली असते. ते जळत नाही, तापून धातूवर कवच धरतं आणि हवा तोडतं. मदतीला धावलेल्यांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांना दोष देववत नाही. दोष असलाच तर अशी गाडी धावपट्टीवर आणून तिची आग कशी विझवायची हे न सांगणाऱ्यांचा. सांगाडा कित्येक तास जळत राहिला.

रात्र
शर्यत थांबवली जात नाही. परतणाऱ्या लोंढ्याने रस्ते तुंबतील आणि रुग्णवाहिका अडकतील, हे आयोजकांचं कारण. संध्याकाळपुरतं ते पटतं. जखमी हलवल्यानंतरही शर्यत चालू ठेवली, ते पटत नाही.

पहाटेआधी, पावणेदोनच्या सुमारास
आघाडीवर असतानाही मर्सिडीझ आपल्या उरलेल्या गाड्या मागे घेते.

रविवार, दुपारी ४
हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब जिंकतात. पुढे स्वित्झर्लंडने सर्किटवरच्या मोटार शर्यतींवर बंदी घातली, आणि ले मान्सच्या त्या सरळ रस्त्यावरचे जुने पिट पाडून नवे बांधले गेले.