एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान

मूर्तिजापूर स्टेशनात दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी होते. भुसावळ-नागपूर लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, आणि अचलपूर-यवतमाळच्या शकुंतलेचं 762. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस शकुंतलेतून इथवर यायचा, पण तिचा डबा मोठ्या रुळांवर चढणार कसा? गाठी उतरवायच्या, माणसांनी पलीकडे न्यायच्या, मोठ्या गाडीत पुन्हा भरायच्या.

2002 च्या सुमारास त्याच गावात मामाच्या डीटीपीच्या दुकानात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांच्यामधली हमाली माझ्याकडे होती. अंतर चार फूट. साधन फ्लॉपी, म्हणजे तुमच्या फोनमधला 'सेव्ह'चा चौकोनी आयकॉन. ती खरी वस्तू होती आणि तिच्यात 1.44 एमबी मावायचे. लग्नपत्रिकेवर गणपतीचं चित्र टाकलं की फाइल मावत नसे. मग तिचे तीन तुकडे करून तीन फ्लॉप्या. एका रात्री तिसरी फ्लॉपी वाचलीच जाईना. प्रिंटर पलीकडच्या कॉम्प्युटरला, मुलीचे वडील बाकावर, लोडशेडिंगला पाऊण तास. पत्रिका गणपतीशिवाय छापली. ते काहीच बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामानं अकोल्याच्या असेंबलवाल्याला फोन केला. तो पिशवीतून एक वायर घेऊन आला. मी विचारलं, दोन्ही टोकं सारखीच दिसतात, मग साधी वायर का नाही चालत? तो म्हणाला, "याचं तोंड त्याच्या कानाले जोडा लागते, पोट्ट्या. तोंडाले तोंड लावून कोन आयकीन?"

पुढे कितीतरी पुस्तकं वाचली, पण इतकं नेमकं कुठे सापडलं नाही. कॉम्प्युटरच्या मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमध्ये 2 नंबरची पिन ऐकते, 3 नंबरची बोलते, 5 नंबरची जमीन म्हणजे ग्राउंड. हा पोर्ट मुळात मोडेम जोडण्यासाठी. त्याचं आरएस-232 हे प्रमाण 1960 चं. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर मधला मोडेम गायब करून 2 आणि 3 च्या तारा उलटसुलट करायच्या. म्हणून या केबलचं नाव नल मोडेम. 1993 च्या एमएस-डॉस 6 मध्ये त्यासाठी इंटरलिंक नावाची सोय होती, विंडोज 95 मध्ये 'डायरेक्ट केबल कनेक्शन'. त्यात एक कॉम्प्युटर यजमान आणि दुसरा पाहुणा ठरवावा लागे.

वेग मात्र बैलगाडीचा. सेकंदाला जास्तीत जास्त 1,15,200 बिट, म्हणजे साधारण साडेअकरा केबी. एका फ्लॉपीचा माल दोन मिनिटांत जायचा. 600 एमबीच्या सीडीला पंधरा तास लागले असते. एवढा वेळ सलग वीज तेव्हा कुणी पाहिली होती!

पत्रिकेची फाइल पहिल्याच फेरीत पोचली. उघडली तर वधूचं नाव इंग्रजी अक्षरांचा काला. युनिकोड आमच्या दुकानापर्यंत आला नव्हता. मराठी अक्षरं इंग्रजी कोडवर बसवलेली, आणि तो फॉन्ट पलीकडे नव्हताच. मग त्याच वायरीतून फॉन्टही पाठवला.

पुढच्या वर्षी लॅन कार्डं आली. तिथेही गोष्ट तीच, फक्त तारा आठ. रॉबर्ट मेटकाफनं 1973 मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच जाड केबलवर लटकणार होते. जोड्याजोड्यांनी पिळलेली आजची वायर नंतरची. तिच्यात 1 आणि 2 बोलतात, 3 आणि 6 ऐकतात. म्हणून क्रॉस केबल करताना एका टोकाला नारिंगी जोडीच्या जागी हिरवी घालायची. मामानं क्रिंपिंगचा पक्कड विकत घेतला आणि पहिले पाच प्लग वाया घालवले. मग एका कॉम्प्युटरला 192.168.0.1 पत्ता, दुसऱ्याला 192.168.0.2, सबनेट मास्क 255.255.255.0, फोल्डर शेअर, संपलं. 192.168 ने सुरू होणारे पत्ते 1994 पासून अशा घरगुती जाळ्यांसाठीच राखून ठेवलेत, त्यामुळे ते जगात कुणाशी भांडत नाहीत.

आजच्या गिगाबिट पोर्टला आपलं तोंड कुठे आणि कान कुठे हे स्वतःच ठरवता येतं. साधी सरळ वायरही चालते. एक सावधगिरी: दोन्ही टोकांना जुना चौकोनी यूएसबी प्लग असलेली साधी वायर दोन कॉम्प्युटरांमध्ये लावू नका. दोघंही स्वतःला मालक समजतात, वीजही दोघं सोडतात. तिथे मध्ये चिप बसवलेली खास केबल लागते.

गेल्या दिवाळीत मामाच्या जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर 40 जीबीचे फोटो घ्यायचे होते. वायफायवर तासांचा हिशोब दिसत होता. मी खणातून वायर काढली आणि दोन्ही पोर्टमध्ये खोचली. मामा वाकून प्लगमधले रंग बघत होता. "क्रॉस आहे का रे?"

"नाही मामा, साधीच."

त्यानं तरी दोन्ही टोकं शेजारी धरून एकदा तपासली.