पंडिता रमाबाई आणि लॅटिन क्रूस

फिलाडेल्फियाला पाहुणे आले की आपण त्यांना हमखास लिबर्टी बेल दाखवतो. याच शहरात ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. त्यांचे समाजकार्य आपण शाळेत वाचलेले असते. आज थोडे त्यांच्या भक्तीविषयी.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांत पुराणे वाचीत हिंडे. व्रते, दाने, अनुष्ठाने, कशातही कसूर नव्हती. तरी १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अशी तिघे थोड्याच काळात गेली. रमाबाईंचा कर्मकांडावरचा विश्वास उडत गेला.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथेही जुनाच प्रश्न समोर आला! लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस वापरण्यास त्यांनी आक्षेप घेतला. लॅटिन ना मला कळते, ना माझ्या देशभगिनींना; मग ती संस्कृतपेक्षा पवित्र कशी, असा त्यांचा रोख होता. मठातील भगिनींना हा हट्टीपणा वाटला. रमाबाईंना मात्र न कळणारे शब्द मिरवणे म्हणजे भक्ती, हे मान्य नव्हते.

अमेरिकेत त्यांना वेगळा अनुभव आला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या 'रमाबाई असोसिएशन'चे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल युनिटेरियन पंथाचे, तर उपाध्यक्षांपैकी फिलिप्स ब्रुक्स एपिस्कोपल. उपासनेच्या रीती निरनिराळ्या, पण हिंदू विधवांसाठी सारे एकत्र आले. त्यांच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

आणि तरीही रमाबाई स्वतःवर समाधानी नव्हत्या. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ कित्येक वर्षे चर्चमध्ये सर्व विधी यथासांग करीत होते. १८५१ साली स्वतःच्याच प्रवचनात त्यांना उमगले की आपले अंतःकरण मात्र कोरडे आहे! रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनी पुढे १९०७ च्या आपल्या निवेदनात दिली. दुसऱ्याच्या कर्मकांडावर टीका करणारे पुष्कळ असतात. आपलेच ओळखणारा विरळा.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात काढली. तेथे त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. अल्पशिक्षित बाईलाही कळावे, एवढाच हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, तोपर्यंत हे काम चालू होते. लॅटिन क्रुसाला दिलेले हे त्यांचे खरे उत्तर.

आपल्या घरी गणपतीपुढे आरती होते, ख्रिस्ती बांधवांकडे जेवणापूर्वी प्रार्थना. मुलांना सारे तोंडपाठ असते, आणि डोळे असतात प्रसादावर किंवा ताटावर! मुलांचे सोडा, आपले तरी कुठे असतात? या खेपेला आरती झाल्यावर एका ओळीचा अर्थ मुलांना सांगून पाहू या. सांगता सांगता आपल्यालाही तो नव्याने कळेल.