बजेटमध्ये दमदार गेमिंग पीसी: खान्देशच्या उन्हात आणि विजेत टिकतील असे पार्ट कसे निवडाल?

जळगाव/धुळे : कपाशीचे नाहीतर केळीचे पैसे हाती आले की घरातला कॉलेजला जाणारा मुलगा कॉम्प्युटर मागतो. अभ्यासाचं कारण खरंच असतं, पण मनात गेमिंग पीसी असतो. ७०-८० हजारांचा हा मामला. मुंबई-पुण्याच्या यूट्यूबरने सांगितलेली यादी जशीच्या तशी घेतली तर मे महिन्यात मशीन रडायला लागतं, कारण ती यादी एसीच्या खोलीत आणि स्थिर विजेवर चालवून बनवलेली असते. आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि लाइट दिवसातून चारदा डोळे मिचकावते. इथे पार्ट निवडायचे तर आधी ऊन आणि वीज धरावी लागते, मग गेम.

एक गोष्ट सुरुवातीलाच. फक्त बीजीएमआय खेळायचा असेल तर पीसी घेऊच नका, तो मोबाईलचाच गेम आहे. पीसी लागतो तो व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ अशा गेमसाठी. यातले पहिले दोन फुकट आहेत.

‘आय-७, १६ जीबी रॅम, फक्त १५ हजार’

फेसबुक-इन्स्टावर अशा जाहिराती रोज दिसतात. आय-७ हे नाव खोटं नसतं, वय लपवलेलं असतं. बहुतेक वेळा तो आय-७ २६०० किंवा ३७७० निघतो, म्हणजे २०११-१२ सालचा माल. सोबत जीटी ७३० कार्ड, तेही २०१४ चं. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. इंटेलमध्ये ती यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, जे या जुन्या बोर्डांत सहसा नसतं. १५ हजार वाचले असं वाटतं, पण ते पाण्यात जातात. त्यामुळे ‘आय-५ का आय-७’ विचारू नका, पूर्ण मॉडेल नंबर विचारा आणि तो गुगलवर टाकून साल बघा. दुकानदार नंबर सांगायला टाळाटाळ करत असेल तर पुढचं दुकान गाठा.

हाय-एंड म्हणजे नेमकं किती?

साध्या फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २१ लाख ठिपके असतात, १४४० पीवर ३७ लाख, आणि ४के स्क्रीनवर ८३ लाख. म्हणजे ४के साठी कार्डाला चौपट काम. ४के चा नाद धरला तर नुसत्या कार्डातच बजेट संपतं. फुल एचडी आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला तर ८० हजारांतही गेम लोण्यासारखा चालतो.

ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त खर्च करा, एकूण बजेटच्या ३५ ते ४० टक्के. इथे वॅटचा आकडा नीट बघायचा, कारण खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडतो. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट खातं, नवं आरटीएक्स ५०६० १४५, तर आरएक्स ९०६० एक्सटी (१६ जीबी) १६०. जुनं आरटीएक्स ३०६० मात्र १७० वॅट खाऊनही ४०६० च्या मागेच राहतं. आपल्या उन्हात कमी वॅटचं कार्ड हा शहाणपणाचा सौदा. पाच-सहा वर्षं वापरायचं असेल आणि थोडे पैसे वाढवता येत असतील तर १६ जीबी मेमरीचं घ्या, नवे गेम ८ जीबीत दाटीवाटीने बसतात.

सेकंडहँड कार्ड स्वस्त मिळतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली, त्यातली काही अजून फिरतायत. घ्यायचंच असेल तर समोर बसून १५-२० मिनिटं जड गेम चालवून बघा. स्क्रीनवर ठिपके-रेषा आल्या किंवा पंखा खरखरला तर हात जोडा.

प्रोसेसरवर लोक गरजेपेक्षा जास्त उधळतात. अशा कार्डासोबत रायझन ५ ५६०० किंवा इंटेल आय-५ १२४००एफ पुरतो. दोघांत स्क्रीन दाखवणारं ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्डाशिवाय मशीन चालू करून उपयोग नाही. कार्डाचे पैसे पुढच्या हंगामात येणार असतील तर तोवर ५६००जी घेता येतो. तो गेमला थोडा कमी पडतो, पण काम भागतं. वापरलेले १३ व्या-१४ व्या पिढीचे आय-७, आय-९ टाळा. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये बायोस अपडेट दिलं, पण आधी झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी भडकले, एआयवाल्या डेटा सेंटरांनी माल उचलल्यामुळे. म्हणून सध्या १६ जीबीवर थांबा. मात्र ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्या. एकाच पट्टीवर गेम अडखळतो. एसएसडी १ टीबीची असावी, एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

खान्देशात खरी मेख इथेच आहे. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं, पण डब्यात वजन नसतं. तो जळताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही सोबत घेऊन जाऊ शकतो. ८० प्लस ब्राँझचा, ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. लेबलवर ‘इनपुट १००-२४० व्होल्ट’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर शिवारातल्या मोटारी सुरू झाल्यावर घरातला दाब १७० पर्यंत पडला तरी मशीन टिकून राहतं.

दाब पडण्यापेक्षा चढणं वाईट. पोलवर न्यूट्रल तुटली की घरात २३० च्या जागी ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. जादा व्होल्टेजला लाइन तोडणारा यूपीएस किंवा स्टॅबिलायझर तेव्हाच कामाला येतो. यूपीएस ६०० व्हीएचा घेतला तर त्यावर साधारण ३६० वॅटच चालतात आणि गेम खेळताना मॉनिटरसह ३०० वॅटच्या आसपास जातात. म्हणून १००० व्हीए बरा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा हवा आणि मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर हवं, नाहीतर लाइट गेली की मशीन रिस्टार्ट होणार.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? पीसी खराब नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधून थोडा करंट पत्र्यावर येतच असतो, तो जमिनीत जायला हवा. तीन पिनच्या बोर्डात अर्थची तार नुसती लोंबकळत असते, असं जुन्या घरांत सर्रास दिसतं. वायरमनकडून मीठ-कोळशाचा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा, काळी माती भेगाळली की अर्थिंगही सुटतं.

उकाडा आणि धूळ

खोली ३० अंशांवरून ४२ वर गेली की आतले पार्टही जवळपास तेवढेच तापतात. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. त्याच्या वर गेला की तो स्वतःच वेग कमी करतो. समोरून काच असलेलं, लाइटवालं कॅबिनेट फोटोत छान दिसतं, पण त्याचा श्वास कोंडतो. समोर जाळी आणि दोन-तीन पंखे असलेलं घ्या. महागडा पाण्याचा कूलर लागत नाही, तोही खोलीपेक्षा गार करू शकत नाही. ६५ वॅटच्या प्रोसेसरला हवेचा चांगला कूलर बस झाला. दुपारी गेममध्ये फ्रेम ९० वर बांधून ठेवा, उष्णता आणि युनिट दोन्ही वाचतात. दिवसाला चार तास खेळलं तर महिन्याला ३५-३६ युनिट जातात, आणि १०० युनिटच्या पुढे महावितरणचा दर चढतो.

पत्र्याच्या खोलीपेक्षा धाब्याचं घर गार, पण वरून माती गळते. तिथे कॅबिनेटच्या वरच्या जाळीला मॅग्नेटचा फिल्टर लावा. हवेच्या कूलरसमोर मशीन ठेवू नका, त्याचे तुषार आत जातात. जिनिंगजवळच्या गावांत कापसाची फुसकी पंख्यात अडकते. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

खरेदीआधी जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात दोन-तीन दुकानांत लेखी कोटेशन घ्या, मग ऑनलाइन भाव बघा. हजार-पाचशेचा फरक असेल तर जवळचं दुकान परवडतं, पार्ट बिघडला तर कुरिअरचा फेरा वाचतो. ‘बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल’ याला भुलू नका, बिलाशिवाय वॉरंटीचा दावा अडतो. बिलावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर लिहून घ्या.

मशीन घरी आलं की मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ६० चे १४४ हर्ट्झ करा. अनेक जण हे करतच नाहीत आणि वर्षभर ६० वरच खेळत राहतात.