फुलपाखरांचे पंचांग

जोतिबाच्या डोंगरावरची यात्रा चैत्र पौर्णिमेला भरते. फुलपाखरांचे पंचांग मात्र पावसावर चालते. दक्षिण भारतात ब्लू टायगर, कॉमन क्रो यांसारखी फुलपाखरे पावसाळ्याआधी सह्याद्रीतून पूर्वेच्या मैदानांकडे जातात आणि पावसाळ्यानंतर परततात.

कोडईकनाल वेधशाळेतील सूर्याचे अभ्यासक जॉन एव्हरशेड यांनी १९१० साली आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २००५ साली या हालचालींविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले.

हवामानबदलाने पाऊस मागेपुढे झाला, तर स्थलांतरही सरकते का? त्यासाठी वर्षानुवर्षांच्या सलग नोंदी हव्यात. थवा दिसताच विद्यार्थ्यांनी तारीख, वेळ आणि दिशा लिहून ठेवावी, असे आम्हांला वाटते. 'यात्रेच्या सुमारास' एवढे लिहून भागणार नाही. पौर्णिमेची तारीख दरवर्षी बदलते.