गिरणगावातील कंपन्यांचे पगारी विधी सल्लागार : कायदेपालन, जोखीम आणि व्यावसायिक स्वातंत्र्य (१८८१ ते २०२५)

प्रस्तावना

परळ, लालबाग, दादर या भागांत पसरलेल्या गिरणगावाचा इतिहास प्रामुख्याने कामगार चळवळ, संप आणि स्थलांतर या अंगांनी लिहिला गेला आहे. गिरणीच्या कारभारात कायद्याचे पालन कोणी करावयाचे आणि ते करणाऱ्याचे कायद्यातील स्थान काय, या प्रश्नाचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. कंपनीच्या पगारावर राहून तिला कायदेविषयक सल्ला देणारा विधी सल्लागार हा या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. ज्या नोकरीमुळे त्याची उपयुक्तता वाढली, त्याच नोकरीमुळे त्याचे व्यावसायिक संरक्षण कसे क्षीण झाले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

कायद्याचा गिरणीत प्रवेश

१८७५ मध्ये मुंबईत गिरणीमालकांचा संघ स्थापन झाला आणि १८८१ मध्ये देशातील पहिला कारखाना कायदा संमत झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. या काळात कायद्याचे पालन म्हणजे कामाचे तास, बालकामगार आणि यंत्रांची सुरक्षितता यांपुरता मर्यादित विषय होता. न्यायालयीन प्रकरण उद्भवल्यास फोर्टमधील सॉलिसिटरकडे जाण्याचा प्रघात होता.

१९३४ च्या मुंबई औद्योगिक तंटे समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. १९३८ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणि १९४८ चा कारखाने अधिनियम यांमुळे स्थायी आदेश, बदलाची पूर्वसूचना, प्रातिनिधिक युनियनशी वाटाघाटी आणि कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक ही व्यवस्थापनाची नित्याची कर्तव्ये ठरली. बाहेरच्या वकिलाला प्रसंगोपात बोलावून ही कर्तव्ये पार पाडणे शक्य नव्हते. गिरणीचे दैनंदिन व्यवहार जाणणारा कायद्याचा माणूस कंपनीतच असणे आवश्यक झाले.

पगारी सल्लागाराचे दुहेरी स्थान

१९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३६ नुसार, विरुद्ध पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याखेरीज वकिलाला तेथे उभे राहता येत नसे. मालकाच्या धनबळापुढे कामगार दुबळा ठरू नये, हा त्यामागील हेतू होता. पारादीप पोर्ट ट्रस्ट प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, कंपनीच्या वेतनावर व नियंत्रणाखाली असलेला अधिकारी वकिली करीत नसेल, तर केवळ कायद्याची पदवी असल्यामुळे त्याला कंपनीचे प्रतिनिधित्व करण्यास प्रतिबंध होत नाही. अशा रीतीने जे दार वकिलासाठी बंद होते, ते पगारी अधिकाऱ्यासाठी उघडे राहिले.

याउलट १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालील भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी स्वीकारणाऱ्या वकिलाला, ती नोकरी असेपर्यंत, वकिली करता येत नाही. परिणामी हा सल्लागार ज्ञानाने वकील, परंतु दर्जाने नोकर राहिला.

गिरण्यांच्या जमिनी आणि अस्थिर नियम

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या काळात अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कापडापेक्षा जमिनीला अधिक मोल आले. विधी सल्लागाराच्या कामाचे केंद्र कामगार कायद्याकडून जमीन, विकास नियंत्रण आणि थकीत देण्यांकडे सरकले.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडास आणि उर्वरित भाग मालकास मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती सीमित केली. त्यामुळे सार्वजनिक वाट्यास येणारे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. दादरच्या कोहिनूर गिरणी क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटी रुपयांना गेली.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर १७ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय देऊन सार्वजनिक वाटा राखला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. सप्टेंबर २००५ मध्ये अचूक असलेला सल्ला नोव्हेंबरमध्ये चुकीचा ठरला आणि मार्चमध्ये पुन्हा अचूक झाला. अशा वेळी प्रामाणिक सल्लागाराचे कर्तव्य म्हणजे आपली शंका संचालकांपुढे लेखी मांडणे हे होय.

जोखीम केवळ आर्थिक नसते. २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिल आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम अस्तित्वात होता. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. कागदावरील प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष जिना यांत अंतर आहे, हे सांगण्याचे धैर्य कंपनीच्या आतील माणसास असणे किती अगत्याचे आहे, हे या घटनेवरून ध्यानात येते.

गोपनीयतेचा प्रश्न

हे धैर्य टिकण्यासाठी सल्ला गोपनीय राहणे आवश्यक असते. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम १२६ ने वकील व पक्षकार यांच्यातील संवादास संरक्षण दिले होते. बृहन्मुंबई महानगरपालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या, १९८२ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मालकाला कायदेविषयक सल्ला देणाऱ्या पगारी नोकरासही तेच संरक्षण लाभेल, असे मत व्यक्त केले. इंग्लंडमधील न्यायालयांचा कलही तसाच होता. युरोपीय न्यायालयाने मात्र स्पर्धा कायद्याच्या चौकशीत १९८२ मध्ये व पुन्हा २०१० मध्ये, नोकरीतील वकील पुरेसा स्वतंत्र नसतो या कारणास्तव, असे संरक्षण नाकारले.

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरा मार्ग स्वीकारला. वकिलांना चौकशी यंत्रणांनी समन्स बजावण्यासंबंधीच्या स्वेच्छा दखल प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले की, कंपनीतील पगारी विधी सल्लागार न्यायालयात वकिली करीत नसल्याने भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चे संरक्षण त्यास मिळणार नाही. कंपनीच्या बाहेरील कायदा सल्लागाराशी झालेल्या संवादापुरते कलम १३४ चे संरक्षण लाभेल. परंतु मालक आणि त्याचा नोकर सल्लागार यांच्यातील संवादास ते लागू होणार नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वेतनामुळे औद्योगिक न्यायाधिकरणात मिळालेला प्रवेश आणि वेतनामुळेच गमावलेले संरक्षण या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. वेतन स्वातंत्र्यास बाधक ठरते हा न्यायालयाचा तर्क निराधार नाही. तथापि त्याचा व्यावहारिक परिणाम असा संभवतो की, शंका लेखी मांडण्याऐवजी ती तोंडी सांगितली जाईल किंवा मांडलीच जाणार नाही. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने कायदेपालनाच्या यंत्रणेची जबाबदारी संचालकांवर व त्याबाबत अहवाल देण्याचे कर्तव्य कंपनी सचिवावर सोपविले; विधी सल्लागारास मात्र तसे वैधानिक स्थान दिले नाही. गिरणगावातील मोकळ्या जागा, कामगारांची देणी आणि इमारतींची सुरक्षितता यांचे भवितव्य अनेकदा बंद दारांआड दिलेल्या सल्ल्यावर अवलंबून राहिले. तो सल्ला देणाऱ्यास ‘नाही’ म्हणण्याचे बळ कायद्याने कोणत्या मर्यादेत द्यावे, याचा विचार विधिमंडळाने व विधी महाविद्यालयांनी करणे अगत्याचे आहे.